डिसडायाडोकोकायनेझिया: हा शब्द फोडायचा कुठे, आणि त्यातला 'डोको' कोण?

अक्षरओळख

न्यूरॉलॉजीच्या केसपेपरवर हा शब्द वारंवार दिसतो: डिसडायाडोकोकायनेझिया. ढोबळ अर्थ ठाऊक आहे. हात भराभर पालथा-उताणा करायला सांगितला की जमत नाही, आणि कारण बहुधा लहान मेंदूत असतं. 'डिस' म्हणजे बिघाड आणि 'कायनेझिया' म्हणजे हालचाल, इथपर्यंतही ठीक. अडतं ते मधल्या 'डायाडोको'पाशी.

एका ठिकाणी 'डाय म्हणजे दोन, म्हणून दोन दिशांची हालचाल' असा खुलासा वाचला. तसं धरलं तर 'डोको'चं करायचं काय? दुसरीकडे हाच दोष 'एडायाडोकोकायनेझिया' म्हणून दिलेला आहे. दोन्ही एकच, की त्यात फरक आहे? आणि शब्द एवढा लांबलचक करायचं कारण काय? 'जलद हालचालीतला दोष' एवढ्यावर भागलं नसतं का?

ग्रीक जाणणाऱ्यांनी लिहावं, तसंच प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्यांनीही. परीक्षेपुरती व्याख्या पाठ आहे, ती नको.

व्युत्पत्तीवाला

'डाय म्हणजे दोन' हा खुलासा सोडून द्या. दोनचा ग्रीक उपसर्ग 'दि', तो डायऑक्साइडमध्ये आहे, डायक्रोटिक (एका ठोक्याला दोनदा उसळणाऱ्या) नाडीत आहे. इथे आहे 'दिआ'. त्याचा अर्थ आरपार, मधून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. इंग्रजी उच्चारात दोन्हींचं 'डाय' होतं म्हणून घोटाळा. वैद्यकात 'दिआ' पावलोपावली भेटतो: डायरिया म्हणजे आरपार वाहणं, डायाबेटिस म्हणजे आरपार जाणारा (प्यायलेलं पाणी थेट लघवीवाटे निघून जातं म्हणून), डायालिसिस, डायाफ्राम, डायग्नोसिस. डायग्नोसिसमधला 'ग्नोसिस' आपल्या 'ज्ञान'चा सख्खा भाऊ आहे, हे जाता जाता.

आता फोड. डिस, मग डायाडोको, मग कायनेझिया. यातला डायाडोको पुन्हा फुटतो: दिआ आणि दोख.

'दोख'चं मूळ 'देखोमाइ' या क्रियापदात आहे: मी घेतो, स्वीकारतो, सामावून घेतो. क्रियापदातला ए नामात ओ होतो, हा ग्रीकचा नेहमीचा खेळ. 'लेगो' म्हणजे बोलतो, त्यावरून 'लोगोस'. तसंच 'देखोमाइ'वरून 'दोख'. त्याला 'दिआ' लागला की अर्थ होतो एकाच्या हातून दुसऱ्याने घेणं, पहिल्याच्या मागून येऊन त्याचं काम पुढे चालवणं. आणि असं करणारा तो 'दिआदोखोस', म्हणजे उत्तराधिकारी.

इतिहास वाचणाऱ्यांना हा शब्द अनेकवचनात माहीत असेल: डायाडोकी. इसवी सनापूर्वी 323 साली अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये वारला, त्याच्या मागे ज्या सेनापतींनी राज्य वाटून घेतलं ते हे. टॉलेमी, अँटिगोनस, कॅसँडर, लायसिमेकस, सेल्यूकस. सेल्यूकस म्हणजे तोच, चंद्रगुप्त मौर्याशी तह करून 500 हत्ती घेऊन परतलेला. पुढे पाचव्या शतकात अथेन्सला प्लेटोच्या परंपरेची गादी चालवणारा प्रोक्लस हाही 'दिआदोखोस' म्हणूनच ओळखला गेला. ग्रीसमध्ये राजेशाही होती तोवर युवराजाचा किताबही हाच होता.

म्हणजे सगळा शब्द मिळून: एका हालचालीनंतर दुसरीने तिची जागा घेणं, आणि त्यात आलेला बिघाड. दिशा दोनच असाव्यात असं शब्दात कुठेही नाही. तीन असोत, चार असोत, एकीच्या मागून दुसरी यायला हवी.

'देखोमाइ'चं आणखी एक अपत्य वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रोज भेटतं, पण नातं कुणी सांगत नाही: कोलेडोकस. 'खोले' म्हणजे पित्त आणि 'दोखोस' म्हणजे सामावून घेणारा. पित्त घेणारी नळी. कोलेडोकोलिथियासिस म्हणजे त्या नळीतले खडे. तोच 'डोको', फक्त 'दिआ' नाही. हे लक्षात राहिलं की स्पेलिंगही चुकत नाही. कायम चुकतात ते 'डायाड' म्हणजे जोडी असं समजून 'डायाडोको'च्या स्पेलिंगमध्ये 'आय'ऐवजी 'वाय' घालणारे.

उच्चाराबद्दल. ग्रीकचं जे अक्षर रोमन लिपीत 'सीएच' असं लिहितात, ते अभिजात ग्रीकमध्ये आपल्या 'ख'सारखं महाप्राण होतं. इंग्रजीत महाप्राण वेगळा मानत नाहीत, म्हणून तिथे नुसता 'क' उरला. 'डोचो' किंवा 'डॉको' वाचू नका. डिस-डाय-अ-डो-को-काय-नी-झिया, जोर 'नी'वर.

न्यूरो_ओपीडी

वरची फोड बरोबर आहे. शब्द लांबलचक का, याचं उत्तर शब्द घडवणाऱ्याने काय पाहिलं त्यात आहे.

तो जोझेफ बाबिन्स्की. तळपायाला टोकदार वस्तूने रेघ ओढून अंगठा वर जातो का पाहतात, त्या चिन्हाला ज्याचं नाव आहे तोच. ते त्याने 1896 साली मांडलं. 1902 साली पॅरिसमध्ये त्याने लहान मेंदूच्या कामाबद्दल एक लेख लिहिला आणि त्यात ऐच्छिक हालचाली झपाट्याने एकामागून एक करण्याच्या क्षमतेला नाव दिलं: डायाडोकोकायनेझिया. आधी क्षमतेचं नाव आलं, 'ए' लावून तिचा अभाव नंतर. हे उलट्या क्रमाने शिकवलं जातं म्हणून शब्द विचित्र वाटतो.

त्याच्या निरीक्षणाचा गाभा असा, की रुग्णाच्या हातात ताकद असते, एकटी हालचाल नीट होते. हात पालथा करा म्हटलं, होतो. उताणा करा म्हटलं, होतो. लागोपाठ करा म्हटलं की गाडी अडते. म्हणजे दोष हालचालीत नाही, हालचाल बदलण्यात आहे. 'जलद हालचालीतला दोष' म्हटलं तर हा मुद्दाच निसटतो. मंद हालचाल अनेक आजारांत दिसते. पक्षाघातात दिसते, पार्किन्सनमध्ये दिसते. बदली कोलमडणं हा लहान मेंदूचा ठसा. त्यासाठी 'उत्तराधिकारी' हा शब्द उचलला, हे मला अगदी नेमकं वाटतं. रिले शर्यतीत दोन्ही धावपटू दमदार असून काठी देताना पडते, तसं.

आता यंत्रणा. हात उताणा करतात ते मुख्यतः दंडाचा बायसेप्स आणि कोपराखालचा सुपिनेटर. पालथा करतात प्रोनेटर टेरेस आणि प्रोनेटर क्वाड्रेटस. उताणा होणारा हात योग्य जागी थांबवून उलटा फिरवायचा, तर पालथा करणाऱ्या स्नायूंनी पहिली हालचाल संपायच्या आधीच काम सुरू करावं लागतं: आधी ब्रेक म्हणून, मग लगेच इंजिन म्हणून. सेकंदाला जेमतेम दीड आवर्तनाच्या वेगातसुद्धा प्रत्येक फिरकीला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा मिळतो. हात कुठवर पोचला याची वर्दी मेंदूला जाऊन दुरुस्ती परत येईपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातोच, बहुधा जास्त. वर्दीची वाट पाहत बसलं तर फिरकी संपलेली असते. म्हणून ब्रेक कधी लावायचा याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि तो लहान मेंदू बांधतो. तो अंदाज चुकला की एक फेरी जास्त फिरते, दुसरी अर्ध्यात वळते, तिसरीपूर्वी हात क्षणभर थबकतो.

तपासणीची पद्धत:

रुग्णाला खुर्चीवर बसवा, पाय जमिनीवर टेकलेले. एक हात मांडीवर. आधी तुम्ही स्वतः करून दाखवा: तळहाताने मांडीवर थाप, हात उचलून पालटा, हाताच्या पाठीने थाप. पालथा आणि उताणा मिळून एक आवर्तन. मग रुग्णाला सावकाश दोन-तीन आवर्तनं करू द्या, कृती समजली की नाही ते कळतं. त्यानंतर 'जमेल तितक्या भरभर, पण प्रत्येक वेळी हात पुरता पालटून' असं सांगून दहा आवर्तनं. एका हाताचं झालं की दुसऱ्याचं. दोन्ही हात एकदम लावू नका. एका हाताची लय दुसऱ्याला ओढून नेते आणि सौम्य दोष झाकला जातो.

डोळ्यांइतकेच कान वापरा. निरोगी हाताच्या थापा सारख्या अंतराने आणि सारख्या आवाजाच्या येतात. दोष असेल तर एक थाप जोरात, पुढची निसटती, मध्येच दोन थापा जवळजवळ, मग खंड. हे ऐकू फार स्पष्ट येतं, म्हणून मांडीवर जाड पांघरूण असेल तर बाजूला करा. शिवाय कोपराकडे बघा. थापांच्या नादात कोपर अंगापासून सुटून भिरभिरायला लागला, खांदा उचलला जायला लागला, तर मनगटाजवळचं काम नीट होत नसल्यामुळे वरचे सांधे मदतीला धावले आहेत असं समजा.

पायासाठी टाच जमिनीवर टेकवून चवड्याने तुमच्या तळहातावर टपटप करायला सांगा. पाय मुळातच हातापेक्षा हळू असतो. पायाची तुलना दुसऱ्या पायाशी करायची, हाताशी नाही.

आकड्यात मांडायचं असेल तर अटॅक्सियाची (हालचालींचा ताळमेळ सुटण्याची) 'सारा' ही मोजपट्टी आहे, 2006 सालची. आठ बाबी, एकूण 40 गुण, गुण जितके जास्त तितका दोष जास्त. त्यातली सातवी बाब हीच. तपासणारा साधारण 7 सेकंदांत 10 आवर्तनं या वेगाने दाखवतो, मग रुग्णाची 10 आवर्तनं घड्याळ लावून मोजतात. लय बिनचूक आणि वेळ 10 सेकंदांच्या आत, तर 0. थोडी अनियमित पण वेळेत, तर 1. स्पष्ट अनियमित, फेऱ्या एकमेकींत मिसळलेल्या किंवा मध्ये खंड, तरी वेळेत, तर 2. फारच अनियमित आणि 10 सेकंदांहून जास्त, तर 3. दहा पुरी होतच नाहीत, तर 4. दोन्ही हातांची सरासरी घ्यायची. गुण कसे लावले आहेत ते नीट पाहा: 0, 1 आणि 2 यांतला फरक वेगाचा नाहीच, लयीचा आहे.

'ए' आणि 'डिस': 'ए' म्हणजे अजिबात नाही, 'डिस' म्हणजे होतं पण बिघडलेलं. प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण दुसऱ्या गटात बसतात म्हणून 'डिस' रुळला. जुन्या पुस्तकांत दोन्ही गटांना सरसकट 'ए' लावलेला सापडतो.

व्युत्पत्तीवाला

पुरवणी. हे दोन्ही उपसर्ग मराठी माणसाला परके नाहीत. ग्रीक 'अ' आणि आपला अशक्य-अभाव यांतला 'अ' एकाच मुळाचे. स्वरापूर्वी ग्रीकमध्ये 'अन्' होतो, आपल्याकडेही 'अनादर', 'अनिच्छा'. ग्रीक 'दुस्' आणि संस्कृत 'दुस्/दुर्' हेही एकच. दुर्गम, दुष्कर, दुर्धर यांत जो 'कष्टाने होणारं' हा भाव आहे तोच डिस्प्निया (श्वासाचा त्रास), डिस्फेजिया (गिळण्याचा त्रास), डिस्पेप्सिया (अपचन) यांत. 'बिघाड' म्हणण्यापेक्षा 'दुष्कर' म्हटलं तर छटा जास्त जवळ येते.

एक सावधगिरी. डिस्कायनेझिया हा वेगळाच शब्द आहे. त्यात 'दुस्' थेट हालचालीला लागतो, आणि न्यूरॉलॉजीत तो नको असताना आपोआप होणाऱ्या हालचालींसाठी राखलेला आहे. मधला 'डायाडोको' गाळून 'डिस्कायनेझिया' असं कुणी 'सोपं' केलं, तर अर्थ भलतीकडे जातो. भाषांतरात हे होताना दिसतं.

अक्षरओळख

दोघांचे आभार, 'डोको' सुटला. आता दोन शंका.

एक, लय बिघडणं आणि वेग कमी होणं हा फरक प्रत्यक्षात इतका स्वच्छ दिसतो का? पार्किन्सनचा रुग्णही भराभर करू शकत नाही. दुसरी, 'उजवीकडे' असं लिहिलेलं असतं तेव्हा दोष मेंदूच्या कुठल्या बाजूला धरायचा? पक्षाघातात तर बाजू उलट असते ना?

न्यूरो_ओपीडी

बाजूचं आधी, ते सोपं आहे. लहान मेंदूच्या गोलार्धाचा दोष त्याच बाजूच्या हातापायात दिसतो. उजवा हात बिघडला तर उजवा गोलार्ध, किंवा त्याचे येणारे-जाणारे मार्ग. कारण मार्ग दोनदा ओलांडतो. लहान मेंदूतून निघालेले तंतू मध्यमस्तिष्कात पलीकडे जाऊन समोरच्या बाजूच्या थॅलॅमसला आणि तिथून मोठ्या मेंदूच्या हालचालीच्या भागाला पोचतात. तिथून निघालेला आदेश मेंदूच्या बुंध्यात खाली पुन्हा ओलांडून मूळ बाजूला येतो. मोठ्या मेंदूच्या पक्षाघातात ओलांडणं एकदाच, म्हणून उलट बाजू.

लहान मेंदूचा नुसता मधला पट्टा, म्हणजे व्हर्मिस, बिघडला असेल तर हात साफ निर्दोष निघू शकतात आणि रुग्णाला धड बसता-उभं राहता येत नाही. हाताची चाचणी चांगली आली म्हणून लहान मेंदू ठीक, असं लिहू नका. रुग्णाला चालवून बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

आता वेग आणि लय. फरक दिसतो, पण काय शोधायचं ते ठरवून बघावं लागतं.

पार्किन्सनमध्ये फिरकी दर खेपेला लहान होत जाते. पहिल्या दोन-तीन चांगल्या, मग हात पुरता पालटेनासा होतो, शेवटी जागच्या जागी थरथर किंवा एकदम थांबणं. म्हणून पाच फेऱ्यांवर थांबू नका. घसरण दिसायला दहा तरी हव्यात. पिरॅमिडल मार्गाच्या (मोठ्या मेंदूतून हालचालीचा आदेश खाली नेणाऱ्या मार्गाच्या) दुबळेपणात हात हळू आणि जड चालतो, पण लय बऱ्यापैकी एकसारखी राहते, आणि ताकद तपासली की कारण सापडतं. लहान मेंदूच्या दोषात फिरकी कधी मोठी, कधी लहान, कधी वेळेआधी, कधी उशिरा. घसरणीला दिशा नसते.

संवेदना गेल्यामुळेही अटॅक्सिया होतो. हात कुठे आहे हेच कळत नाही. तिथे रुग्ण नजरेने सांभाळून घेतो, डोळे मिटले की एकदम बिघडतं. लहान मेंदूच्या दोषात डोळे उघडे असले तरी फारसा फायदा होत नाही. शंका असेल तर चाचणी दोन्ही प्रकारे घ्या आणि बोटांच्या सांध्यांची स्थितीची जाणीव तपासा.

ॲप्रॅक्सियात गोंधळ आणखी वेगळा असतो. रुग्णाला कृतीचा आराखडाच सापडत नाही, तो थाप मारण्याऐवजी हात चोळतो, मूठ वळतो. अशा वेळी डिसडायाडोकोकायनेझिया लिहिणं चूक.

आणि मेंदूकडे जाण्याआधी हात बघा. मनगटाचं जुनं हाड मोडणं, कोपराचा आखडलेला सांधा, खांद्याचं दुखणं, संधिवात. मीडियन नर्व्ह वर, कोपराजवळ दबली असेल तर पालथा करणं दुबळं. रेडियल नर्व्हची खोल शाखा दबली असेल तर उताणा करण्यात सुपिनेटरची साथ जाते, बायसेप्स किल्ला लढवतो. अशा हाताची एकच दिशा सातत्याने मंद असते. दोष बदलीत आहे की एका दिशेत, एवढा प्रश्न विचारला तरी निम्मी गफलत टळते.

डावा-उजवा फरकही थोडा असतोच. उजखुऱ्याचा डावा हात किंचित हळू आणि किंचित ओबडधोबड चालतो. वयाबरोबर वेग कमी होतो, लय मात्र टिकते. लहान मुलांत हे कौशल्य हळूहळू पक्कं होतं, आणि एक हात पालटताना दुसराही नकळत हलणं त्यांच्यात सर्रास दिसतं. त्यांना मोठ्यांचा मापदंड लावू नये.

औषधांची यादी विचारायला विसरू नका. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, लिथियम यांची रक्तातली पातळी चढली तर दोन्ही हातांत दोष येतो, जोडीला बुबुळांचं थरथरणं आणि झोकांडी. मद्याने तात्पुरता तर येतोच, वर्षानुवर्षांच्या व्यसनाने कायमचाही येतो. मात्र त्यात पाय आणि चाल आधी बिघडतात, हात त्या मानाने वाचतात. एकाच बाजूला, अचानक, सोबत गरगरणं, उलट्या, उभं राहता न येणं असं असेल तर लहान मेंदूतला रक्तपुरवठा बंद पडला आहे किंवा रक्तस्राव झाला आहे असं समजून ताबडतोब रुग्णालयात. तिथे गुण मोजत बसायचं नसतं.

वाचा_उपचार

हात-पायाचं झालं, पण हा शब्द जिभेलाही लागतो. आमच्याकडे, म्हणजे वाचा-उपचारात, त्याचं 'डीडीके' असं लघुरूप झालं आहे, म्हणजे डायाडोकोकायनेटिक दर. इथे 'डिस' नाही, कारण क्षमता मोजायची आहे. बाबिन्स्कीने आधी क्षमतेला नाव दिलं असं वर आलंय, त्याच वळणाचा वापर.

चाचणी दोन भागांत. आधी एकच अक्षर: पपपपप, मग ततततत, मग ककककक. 'प' ओठांची परीक्षा, 'त' जिभेच्या टोकाची, 'क' जिभेच्या मागच्या भागाची. नंतर साखळी: पतक-पतक-पतक. डायाडोकोसचा अर्थ खरा उतरतो तो या साखळीत, कारण प्रत्येक अक्षराची जागा वेगळं अक्षर घेतं. एकाच अक्षरात ओठ उघडमीट करतात तेवढंच.

रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावा, एका श्वासात जमेल तितकं भरभर आणि स्पष्ट. ध्वनिमुद्रण कराच, कानाने जागच्या जागी मोजताना सेकंदाला पाचाच्या पुढे हमखास चुकतं. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा सोडून मधल्या भागातली अक्षरं मोजा आणि सेकंदांनी भागा. निरोगी प्रौढ एका अक्षरासाठी सेकंदाला साधारण 5 ते 7 पर्यंत जातो. 'क' इतर दोघांपेक्षा थोडा मागे राहतो, तो दोष नव्हे. जिभेचा मागचा भाग जडच असतो.

गफलती ठरलेल्या आहेत. श्वास संपत आला की वेग पडतो, त्याला स्नायूंचा थकवा समजतात. कवळी सैल असेल तर 'त' घसरतो. इंग्रजी साहित्य वापरणारे ही अक्षरं महाप्राणाकडे झुकवून म्हणून दाखवतात, रुग्ण ऐकून 'फ-थ-ख' म्हणायला लागतो आणि दर फुकट कमी येतो. आपल्या भाषेत साधे प-त-क हाताशी आहेत, तेच घ्या. काही जण 'टीमटाम', 'पटकन' असे खरे शब्द वापरतात. लहान मुलांसाठी ठीक, पण ओळखीचा शब्द तोंडात बसलेला असतो, त्यामुळे तो दर निरर्थक अक्षरांच्या दराशी ताडून बघू नये.

ऐकायचं काय, ते हाताच्या थापांसारखंच. अटॅक्सियाच्या बोलण्यात अक्षरांमधलं अंतर आणि जोर दोन्ही डळमळतात: प-प--पप-प---प. लुळ्या पडलेल्या स्नायूंत दर कमी पण सरळ रेषेत, सोबत नाकातून हवा. पार्किन्सनमध्ये उलटंच होऊ शकतं; वेग वाढतो आणि अक्षरं एकमेकांत विरघळतात, 'प'चा ओठ पुरता मिटतच नाही. नुसता आकडा लिहिला तर हा रुग्ण 'उत्तम' ठरेल. म्हणून दराशेजारी लय आणि स्पष्टता यांची नोंद हवीच.

भाषांतर_डेस्क

मराठी प्रतिशब्दाचं कुणी बोललं नाही. रुग्णांसाठीच्या पत्रकात हा अकरा अक्षरांचा डबा छापून उपयोग नाही. 'द्रुतक्रमगतिदुष्करता' असं काही घडवता येईल, पण तो एका न कळणाऱ्या शब्दाच्या जागी दुसरा बसवण्याचा प्रकार. पत्रकात 'हालचाली भराभर आलटून-पालटून करताना लय चुकणं' एवढं पुरे. 'आलटून-पालटून'मध्ये दिआदोखोस जवळजवळ पुरता येतो, आणि 'लय चुकणं'मुळे 'हात हळू चालतो' हा गैरसमजही टळतो.

'असमर्थता' मात्र टाळा. तो 'ए'चा अर्थ झाला.

व्युत्पत्तीवाला

'आलटून-पालटून' पत्रकासाठी चांगलं, फक्त त्यात पुन्हा दोघांचाच खेळ सूचित होतो आणि प-त-क त्यात बसत नाही. 'लागोपाठ बदलत्या हालचाली' म्हटलं तर दोन्ही सामावतं. केसपेपरवर मूळ शब्दच राहू द्या, तिथे तो नेमका आहे.

न्यूरो_ओपीडी

केसपेपरवर मूळ शब्द ठेवा, पण एकटा नको. 'डिसडायाडोकोकायनेझिया +' एवढ्या नोंदीवरून पुढच्या भेटीला दुसऱ्या माणसाला काहीच ताडता येत नाही. अशी लिहा: 'उजवा हात: 10 आवर्तनं 9 सेकंदांत, लय स्पष्ट अनियमित, कोपर सुटतो, डावा: 7 सेकंदांत, नियमित, ताकद दोन्हीकडे पूर्ण, डोळे मिटून फरक नाही.' 'सारा'च्या हिशेबात उजव्याला 2, डाव्याला 0, सरासरी 1. नुसता 1 लिहिला तर दोन्ही हात थोडेथोडे बिघडलेत असा अर्थ निघतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे नोंदवून मगच सरासरी.